मुद्दा राहिला बाजूला

१४ डिसेंबर २००४ रोजी व्हाइट हाउसमध्ये एक छोटेखानी समारंभ झाला. अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम', राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्या दिवशी तिघांना दिला. त्यांतले एक जॉर्ज टेनेट, जुलैपर्यंत सीआयएचे संचालक. सद्दाम हुसेनकडे रासायनिक आणि जैविक अस्त्रांचे साठे आहेत, अण्वस्त्रांचा कार्यक्रमही त्याने पुन्हा सुरू केला आहे, असं सांगून मार्च २००३ मध्ये इराकवर चढाई झाली. ते निष्कर्ष टेनेट यांच्या कारकिर्दीतले. समारंभाच्या दोन-अडीच महिने आधीच चार्ल्स ड्यूल्फर यांच्या पथकाने सगळा इराक धुंडाळून अहवाल दिला होता, की साठे नाहीत. ब्रिटनमध्येही तसंच. युद्धाचं समर्थन करणारी सरकारी पुस्तिका ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली, ते संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष जॉन स्कार्लेट २००४ मध्ये एमआय-सिक्स या हेरसंस्थेचे प्रमुख झाले.

आता वहीचं दुसरं पान. त्याच दोन देशांत, त्याच काळात, 'पुरावा एवढा पक्का नाही' असं सरकारच्या आत राहून किंवा नुकतंच बाहेर पडून सांगणारी माणसं होती. त्यांतल्या एकाच्या बायकोची हेरखात्यातली ओळख वर्तमानपत्रात छापून आली. एक शास्त्रज्ञ संसदीय समितीपुढच्या उलटतपासणीनंतर तीन दिवसांनी मृतावस्थेत सापडले. एका भाषांतरकार तरुणीवर खटला भरला गेला. हे सगळं एका कटातून झालं असं म्हणता येत नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. या प्रकरणांची कागदपत्रं पाहिली की एक साधी रीत दिसते. सरकार अशा माणसाच्या म्हणण्याला उत्तर देत नाही, प्रश्नच बदलतं. 'हे खरं आहे का?' हा प्रश्न जातो आणि त्याच्या जागी येतो, 'हा कोण टिकोजीराव? याला कुणी पाठवलं?' एकदा चर्चा त्या वाटेला लागली की मूळ दाव्याचं काय झालं, हे विचारायला कुणाला सवड राहत नाही.

युद्धाच्या बाबतीत ही रीत विशेष घातक ठरते. कांद्याचा भाव काय आहे, हे मंत्र्यांनी काहीही सांगितलं तरी लासलगावच्या बाजारात जाऊन कुणीही पाहू शकतं. परदेशातल्या तळघरात विषारी वायूचे डबे आहेत की नाहीत, हे मात्र नागरिकाला, पत्रकाराला, विरोधी पक्षनेत्यालाही तपासता येत नाही. पुरावा गुप्त असतो आणि तो गुप्त का ठेवायचा हेही सरकारच ठरवतं. अशा वेळी संसदेत केलेला दावा आणि फाइलीतला मजकूर यांत अंतर किती, हे जाणणारी माणसं मूठभर असतात, आणि ती सगळी सरकारी पगारावर असतात. लोकशाहीतले इतर बहुतेक निर्णय बाहेरून पारखता येतात. हा एक निर्णय असा, की पारख आतूनच होऊ शकते.

जोसेफ विल्सन यांचं प्रकरण या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखं आहे. १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळंकृत केलं तेव्हा बगदादच्या अमेरिकी दूतावासाची सूत्रं त्यांच्याकडे होती. आफ्रिकेतही त्यांनी वर्षानुवर्षं काम केलेलं. नायजर या देशाकडून इराकने युरेनियमची पिवळी भुकटी घ्यायचा सौदा केल्याची खबर आली, तेव्हा फेब्रुवारी २००२ मध्ये सीआयएने त्यांना चौकशीला पाठवलं. परत येऊन त्यांनी सांगितलं, की असा सौदा झाल्याची शक्यता फारच कमी आहे. तिथल्या खाणी विदेशी कंपन्यांच्या ताब्यात आहेत, त्यांवर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची नजर आहे. तरीही २८ जानेवारी २००३ च्या वार्षिक भाषणात बुश म्हणाले, की सद्दामने अलीकडेच आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणात युरेनियम मिळवायचा प्रयत्न केल्याचं ब्रिटिश सरकारला कळलं आहे. मार्चमध्ये अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं, की या सौद्याची म्हणून दाखवलेली कागदपत्रं बनावट आहेत. युद्ध व्हायचं ते झालंच. ६ जुलै २००३ रोजी विल्सन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये स्वतःच्या नावाने लेख लिहून नायजरमध्ये आपल्याला काय आढळलं नाही ते सांगितलं.

त्या लेखाचं एक कात्रण पुढे न्यायालयात पुरावा म्हणून आलं. ते उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचं. मजकुराच्या वर, मोकळ्या जागेत, त्यांच्या हस्ताक्षरात काही प्रश्न आहेत. राजदूताला अशा कामावर पाठवायची पद्धत आहे का? आपण माणसांना फुकट कामाला पाठवतो का? की याच्या बायकोनेच याला सरकारी खर्चाने सहलीला धाडलं? युरेनियमबद्दल त्या ओळींत एकही प्रश्न नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. लेखानंतर दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसने मान्य केलं, की ते वाक्य राष्ट्राध्यक्षांच्या भाषणात असायला नको होतं. त्याच आठवड्यात टेनेट यांनी त्याची जबाबदारीही घेतली. म्हणजे मुद्दा कबूल होता! तरीही माणसाचा पिच्छा सुटला नाही. १४ जुलैला रॉबर्ट नोव्हाक या स्तंभलेखकाने लिहिलं, की विल्सन यांची पत्नी व्हॅलरी प्लेम सीआयएत आहे आणि तिनेच नवऱ्याचं नाव सुचवलं, असं दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपल्याला सांगितलं. (योगायोग असा, की त्याच दिवशी दिल्लीत वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक समितीने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय भारतीय सैन्य इराकला पाठवायचं नाही, असं ठरवलं. अमेरिकेचा आग्रह बराच होता.) प्लेम गुप्तपणे काम करणाऱ्या अधिकारी होत्या आणि त्यांचं काम होतं संहारक अस्त्रांचा प्रसार रोखण्याचं. संहारक अस्त्रांच्या नावाने पुकारलेल्या युद्धाची बाजू राखण्यासाठी त्याच कामावरची अधिकारी उघडी पडली.

या कहाणीवर गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. विल्सन काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीच्या २००४ च्या अहवालात दिसलं, की पत्नीने त्यांचं नाव सुचवलं होतं, जे त्यांनी नाकारलं होतं. शिवाय नायजरच्या एका माजी पंतप्रधानांनी १९९९ च्या एका इराकी भेटीचा जो उल्लेख त्यांच्यापाशी केला, त्यामुळे काही विश्लेषकांचा संशय उलट वाढला. पुढच्या निवडणुकीत ते बुश यांच्या विरोधकांच्या बाजूने उतरले. ब्रिटनची गुप्तवार्ता तपासणाऱ्या बटलर समितीने तर बुश यांचं ते वाक्य ब्रिटिश माहितीच्या आधारे रास्तच ठरवलं. आणि नोव्हाक यांना पत्नीबद्दल पहिल्यांदा सांगितलं ते युद्धाबद्दल फारसा उत्साह नसलेल्या रिचर्ड आर्मिटेज या परराष्ट्र उपमंत्र्यांनी, गप्पांच्या ओघात. हे सगळं धरून चालू. मग सरकारपाशी उत्तर होतं: ब्रिटिशांची माहिती वेगळ्या स्रोताची आहे, आणि विल्सन यांच्या अहवालातली ही ही गोष्ट त्यांच्याच विरोधात जाते. ते उत्तर उघडपणे द्यायचं. ते पटलं असतं की नाही, हे वाचकांनी ठरवलं असतं. त्यात बायकोचं काय काम? आर्मिटेज यांच्या त्या नुसत्या गप्पा असतीलही. पण लुईस लिबी, कार्ल रोव्ह आणि ॲरी फ्लायशर या व्हाइट हाउसमधल्या तिघांनीही त्याच दिवसांत वेगवेगळ्या पत्रकारांशी बायकोचा विषय काढल्याचं पुढे चौकशीत आणि खटल्यात बाहेर आलं. चार जणांच्या तोंडी एकाच आठवड्यात एकच विषय, याला निव्वळ योगायोग म्हणणं जड जातं. ओळख फोडल्याबद्दल कुणावरही खटला झाला नाही. चेनी यांचे मुख्य सहायक लिबी मार्च २००७ मध्ये शपथेवर खोटं बोलल्याबद्दल आणि तपासात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरले. तीस महिन्यांच्या कैदेची शिक्षा बुश यांनी ते आत जाण्याआधीच रद्द केली, आणि २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पूर्ण माफीही दिली.

अमेरिकेतला हा प्रकार उघड राजकारणाचा होता. लंडनमध्ये तेच काम कार्यालयीन शिस्तीत झालं, म्हणून ते अधिक अस्वस्थ करतं. डॉ. डेव्हिड केली हे संरक्षण मंत्रालयाचे जैविक अस्त्रांचे तज्ज्ञ. इराकच्या तीसहून अधिक वाऱ्या केलेले, आणि मुख्य म्हणजे युद्धाचे विरोधकही नव्हेत; सद्दाम जायला हवा, असंच त्यांचं मत होतं. त्यांची तक्रार होती ती २४ सप्टेंबर २००२ च्या सरकारी पुस्तिकेबद्दल, आणि त्यातही इराक पंचेचाळीस मिनिटांत अस्त्रं डागू शकतो या दाव्याबद्दल. बीबीसीच्या अँड्र्यू गिलिगन यांच्याशी ते यावर बोलले. गिलिगन यांनी बातमी देताना ती ताणली. आकडा चुकीचा असल्याचं सरकारला बहुधा ठाऊक होतं, असं सूचित केलं. सरकार आणि बीबीसी यांची जुंपली. तेव्हा केली यांनी आपण होऊन वरिष्ठांना लिहिलं, की मी गिलिगन यांना भेटलो होतो.

मंत्रालयाने पुढे जे केलं ते अगदी बारकाईने पाहायला हवं. ८ जुलै २००३ रोजी एक निवेदन निघालं: आमचा एक कर्मचारी पुढे आला आहे. नाव दिलं नाही, पण त्याचं काम काय, पुस्तिकेतला त्याचा वाटा किती, अशा खुणा दिल्या. जनसंपर्क अधिकाऱ्यांच्या हाती प्रश्नोत्तरांचा एक कागद दिला गेला. त्यावर सूचना होती, की पत्रकाराने बरोबर नाव घेतलं तर दुजोरा द्यायचा. झालं! दुसऱ्या दिवशी वार्ताहर फोनवर नावं विचारत सुटले. एकाने तर एकामागून एक वीसेक नावं घेतली तेव्हा त्याला हवं ते सापडलं. नाव कुणी 'फोडलं' नाही. प्रत्येकाने नेमून दिलेलं काम केलं आणि नाव बाहेर पडलं. स्वतः केली यांना या कागदाची कल्पना नव्हती. १५ जुलैला ते परराष्ट्र व्यवहार समितीपुढे बसले. उकाडा होता, पण त्यांचा आवाज इतका हळू, की ऐकू यावं म्हणून खोलीतले पंखे बंद करावे लागले. एका खासदाराने त्यांना तोंडावर विचारलं, की तुम्हाला बळीचा बकरा केलंय ना? १८ जुलैला ऑक्सफर्डशरमधल्या एका टेकडीवरच्या रानात त्यांचा मृतदेह सापडला. लॉर्ड हटन यांच्या चौकशीने आत्महत्या असा निष्कर्ष काढला. ऑगस्टमध्ये, अंत्यसंस्कारही व्हायचे असताना, पंतप्रधानांच्या एका प्रवक्त्याने खासगीत पत्रकारांशी बोलताना त्यांची तुलना इंग्रजी कथेतल्या एका दिवास्वप्नाळू पात्राशी केली. बभ्रा झाल्यावर त्याने माफी मागितली.

सरकारची बाजू हटन यांनी २८ जानेवारी २००४ च्या अहवालात मांडली आणि ती तर्काला सोडून नाही. नाव लपवलं असतं तर संसदेपासून साक्षीदार दडवल्याचा ठपका आला असता; सरकारने कोणतीही अप्रतिष्ठेची चाल खेळली नाही. मंत्रालयाने केली यांना पूर्वकल्पना दिली नाही, एवढा दोष त्यांनी दाखवला. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. नाव जाहीर करायचंच होतं तर ते थेट, केली यांना सांगून, एका ओळीत करता आलं असतं. कोड्यासारखं घातल्याने देशाचं लक्ष 'तो कोण' यावर खिळलं. त्या अहवालानंतर बीबीसीचे अध्यक्ष, महासंचालक आणि गिलिगन तिघांनीही पदं सोडली. पंचेचाळीस मिनिटांचं काय? तो दावा जवळच्या पल्ल्याच्या रणांगणावरच्या अस्त्रांबद्दल होता आणि पुस्तिकेत तसं म्हटलेलं नव्हतं, हे लोकांना कळलं ते युद्ध होऊन गेल्यावर.

अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल एरिक शिनसेकी यांचं उदाहरण नेहमी देतात, पण ते थोडं जपून द्यायला हवं. २५ फेब्रुवारी २००३ रोजी सिनेट समितीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, युद्धानंतर इराकमध्ये काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांनी संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी हा अंदाज साफ चुकीचा असल्याचं दुसऱ्या समितीला सांगितलं. यामुळे शिनसेकींना काढून टाकलं, अशी समजूत आजही आढळते. ती खरी नाही. ते जूनमध्ये ठरलेल्या वेळीच निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोण येणार, याच्या बातम्या त्या साक्षीच्या कितीतरी आधीच फुटल्या होत्या. पण ही खोटी समजूत इतकी पसरली, हेच बोलकं आहे. शिक्षा व्हावीच लागते असं नाही, झाली असं शेजारच्या टेबलावरच्याला वाटलं तरी भागतं. नोव्हेंबर २००६ मध्ये मध्यपूर्वेतल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल अबिझैद यांनी सिनेटपुढे कबूल केलं, की शिनसेकी बरोबर होते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. नोकरशहाने वर्तमानपत्राकडे जाऊच नये, त्याने आपली हरकत फाइलीवर नोंदवावी, पद्धत असते ती. पद्धतीने गेलेल्यांचं काय झालं तेही मग पाहू. ब्रिटनच्या संरक्षण गुप्तवार्ता विभागात रासायनिक, जैविक आणि अण्वस्त्रांच्या विश्लेषणाचं काम डॉ. ब्रायन जोन्स यांच्याकडे होतं. पुस्तिका छापायच्या काही दिवस आधी, १९ सप्टेंबर २००२ रोजी, त्यांनी लेखी कळवलं, की मसुद्यातली विधानं पुराव्यापेक्षा ठाम आहेत. त्यांना उत्तर मिळालं, की तुम्ही न पाहिलेली एक नवी माहिती आली आहे, ती फार गोपनीय आहे, त्यामुळे शंका फिटते. यावर कनिष्ठाने बोलायचं तरी काय? ती माहिती देणारा स्रोत जुलै २००३ मध्ये एमआय-सिक्सने अविश्वसनीय म्हणून रद्द केला, हे बटलर समितीमुळे २००४ मध्ये उघड झालं. 'वरच्यांनी पाहिलंय, तुम्ही पाहिलं नाही' हा युक्तिवाद युद्धाच्या काळात सर्वांत प्रभावी असतो, कारण त्याला उत्तर नसतं. जोन्स ज्या विषयातले तज्ज्ञ होते त्याच विषयातला कागद त्यांना दाखवला असता तर कदाचित तो तिथल्या तिथे उघडा पडला असता.

वॉशिंग्टनमध्ये हरकती नीट नोंदवल्याही गेल्या होत्या. ऑक्टोबर २००२ च्या, गुप्तवार्ता संस्थांच्या गोपनीय राष्ट्रीय अंदाज-अहवालात परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने लिहिलं, की अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरेसा पुरावा आम्हाला दिसत नाही. इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांच्या, नव्हेत, असं ऊर्जा खात्याने लिहिलं. आणि सेंट्रिफ्यूज कशाशी खातात हे ठाऊक असलेली माणसं अमेरिकी सरकारात त्याच खात्यात होती. काही दिवसांत लोकांसाठी याची जी आवृत्ती निघाली, तिच्यात पहिली हरकत आलीच नाही, आणि दुसरी 'काहींना असं वाटतं' एवढ्यावर आली. ते काही कोण, हे वाचकाला कळायला मार्ग नव्हता. गंमत अशी, की टीकाकाराचं नाव केव्हा सांगायचं आणि केव्हा गाळायचं, याची जाण या सरकारांना उत्तम होती. नावाने वजन वाढत असेल तर गाळायचं, नावाने वाद पेटणार असेल तर कळू द्यायचं.

सर्वांत जड आक्षेप राहिला. सरकार लोकांनी निवडलेलं असतं, अधिकारी नाही. प्रत्येक नाराज कारकून गुपितं बाहेर फेकू लागला तर राज्य चालणार कसं? यात तथ्य आहे, म्हणून दोन गोष्टींत फरक करायला हवा. युद्ध करावं की नाही हा धोरणाचा निर्णय, तो मंत्रिमंडळाचाच. पण त्या निर्णयासाठी संसदेला आणि लोकांना जी वस्तुस्थिती सांगितली, ती खरी की खोटी, यावर निवडणूक जिंकल्याने हक्क मिळत नाही. सैन्याच्या हालचाली, हेरांची नावं ही खरी गुपितं. आणि वरच्या एका प्रकरणात हेराचं नाव फुटलं ते सरकारी गोटातूनच. या कसोटीवर अवघड प्रकरण एकच, कॅथरिन गन यांचं. त्या ब्रिटनच्या जीसीएचक्यू या टेहळणी संस्थेत चिनी भाषेच्या भाषांतरकार होत्या. सुरक्षा परिषदेतल्या सहा डळमळीत देशांच्या प्रतिनिधींची संभाषणं ऐकायला मदत करा, असा अमेरिकी संस्थेचा ३१ जानेवारी २००३ चा निरोप त्यांनी बाहेर दिला आणि तो 'ऑब्झर्व्हर'ने छापला. हे खरोखरच चालू कारवाईचं गुपित होतं, त्यामुळे खटला भरल्याबद्दल मी सरकारला दोष देणार नाही. दोष आहे तो पुढच्या गोष्टीत. १९८५ मध्ये क्लाइव्ह पाँटिंग या संरक्षण अधिकाऱ्याला, फॉकलंड युद्धात बुडवलेल्या अर्जेंटिनाच्या बेल्ग्रानो जहाजाची कागदपत्रं खासदाराला दिल्याच्या आरोपातून ज्यूरीने निर्दोष सोडलं होतं. नंतर १९८९ मध्ये सरकारने ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टच बदलला आणि 'लोकहितासाठी केलं' हा बचाव त्यातून गेला. (आपल्याकडचा १९२३ चा त्याच नावाचा कायदा त्याच घराण्यातला.) तरीही गन यांनी कबुली दिलेली असताना २५ फेब्रुवारी २००४ रोजी सरकारी वकिलांनी पुरावाच सादर करत नसल्याचं न्यायालयात सांगितलं आणि खटला संपला. बचाव पक्षाने त्याआधी एक गोष्ट मागितली होती: युद्ध कायदेशीर आहे की नाही याबद्दल सरकारला मिळालेला सल्ला.

तो सल्ला जवळून पाहिलेल्या एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट परराष्ट्र खात्यात उपविधी सल्लागार होत्या. युद्धाच्या उंबरठ्यावर त्यांनी राजीनामा दिला. आक्रमणाचा गुन्हा ठरेल अशा कृतीत आपण सहभागी होऊ शकत नाही, असं त्यांनी लिहिलं. त्या गाजावाजा न करता गेल्या, वर्तमानपत्रांकडे गेल्या नाहीत. म्हणजे आक्षेप घेणारे म्हणतात तसंच वागल्या. मार्च २००५ मध्ये माहिती अधिकाराखाली खात्याने त्यांचं राजीनामापत्र प्रसिद्ध केलं तेव्हा त्यातला एक भाग गाळलेला होता. तो लगेच दूरचित्रवाणीवर फुटला. त्यात लिहिलं होतं, की ॲटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांचं मत आधी आपल्यासारखंच होतं, ते ७ मार्चला बदललं आणि मग पुन्हा बदलून आताच्या अधिकृत भूमिकेवर आलं. एप्रिलच्या अखेरीस, निवडणूक आठवड्यावर आलेली असताना, सरकारला ७ मार्चचा सल्ला प्रसिद्ध करावा लागला. संयुक्त राष्ट्रांचा दुसरा ठराव मिळवणं हाच सर्वांत सुरक्षित कायदेशीर मार्ग, असं त्यात म्हटलेलं होतं. १७ मार्च २००३ च्या बैठकीत मंत्रिमंडळापुढे ही पानं ठेवलीच गेली नव्हती. मंत्र्यांच्या हाती होतं ते संसदेत द्यायचं छोटंसं लेखी उत्तर.